तनीला उठणारा माणूस

माझे यजमान दर वर्षी माझ्या भावाच्या मैफलीची पहिल्या रांगेतली दोन तिकिटं काढायचे, ती मैफलीतून उठून जाता यावं म्हणून. मागच्या रांगेतला माणूस उठला काय नि बसला काय, मंचावरून कळत नाही. पहिल्या रांगेतला उठला की नीट दिसतो.

मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबरात, मद्रासला गाणं ऐकायला जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं की तनी म्हणजे कँटीनची वेळ. गाणारा मुख्य राग आटपतो, पाण्याचा घोट घेतो, मृदंगवाल्याकडे बघून मान हलवतो आणि मग मृदंगवाला एकटा वाजवतो, ती तनी. बिचाऱ्याची सगळ्या संध्याकाळीतली तेवढीच काय ती स्वतःची पंधरा मिनिटं. नेमकी तेव्हाच अर्धी सभा पदर-उपरणी सावरत उठते, कारण आत्ता गेलं तर वडा गरम मिळतो आणि नंतर गेलं तर रांग. यात कोणाला काही वावगं वाटत नाही. वाटतं ते फक्त मृदंगवाल्याला आणि त्याच्या घरच्यांना. मी घरची आहे.

माझा धाकटा भाऊ आरावमुदन. आम्ही अमुदन म्हणतो. नऊ वर्षांपूर्वी मैलापूरच्या एका जुन्या सभेत, म्हणजे गाण्याच्या संस्थेच्या हॉलमध्ये, तो वाजवायला होता आणि आम्हाला त्यानंच पहिल्या रांगेत बसवलं होतं. तनीची दोन आवर्तनं होतात न होतात तोच हे उठले. सगळेच उठतात, त्यात हे काही जगावेगळं करत नव्हते. पण वाकून, अंग चोरून जायचं सोडून मंचासमोरून ताठ चालत निघाले. तिरुचीच्या कॉलेजात तीस वर्षं गणित शिकवलेला माणूस, वाकणं माहीतच नाही. अमुदनने हात थांबवला, माइककडे झुकला आणि म्हणाला, "अत्तिंबेर, सांबार कुठं पळून जात नाही."

बहिणीच्या नवऱ्याला आमच्यात अत्तिंबेर म्हणतात. भरलेली सभा खो खो हसली. दुसऱ्या दिवशी एका पेपरातल्या परीक्षणात ते वाक्य छापून आलं. अमुदनच्या वाजवण्याबद्दल त्यात दीड ओळ होती.

त्या दिवसापासून ह्यांनी अमुदनशी बोलणं टाकलं. अमुदननेही काही मनधरणी केली नाही, आमच्या माहेरी ती पद्धत नाही. मला वाटलं, चला, आता निदान ह्याच्या मैफलीला तरी जायचं बंद होईल. तर नाही. पुढच्या वर्षी हे स्वतः रांगेत उभे राहून पहिल्या रांगेची तिकिटं घेऊन आले.

"त्यानं चारचौघांत बोलायचं आणि मी उत्तर घरी बसून द्यायचं काय?" म्हणाले.

उत्तर असं असायचं. तनीचा पहिला ठोका पडला की हे दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवायचे, सावकाश उठायचे, धोतर झटकायचे, खिशातला रुमाल काढून घडीसकट खुर्चीवर ठेवायचे आणि ताठ चालत बाहेर. तनी संपली की परत. रुमाल उचलायचा, बसायचं. अमुदन त्या रुमालाकडे बघत वाजवायचा. मी कुठं बघायचं, हे दोघांपैकी एकालाही कधी सुचलं नाही.

यंदा दिवाळी झाल्यावर अमुदनचा फोन आला. हे बागेत होते.

"अक्का, माझ्या उजव्या हाताचं बोट मेलंय," तो म्हणाला. "करंगळीजवळचं. टेकवलं तरी कळत नाही टेकलंय का. मानेतली नस आहे म्हणतात. कापाकापी करून येईलच असंही नाही."

मृदंगाच्या उजव्या तोंडावर ते बोट हलकं टेकलेलं असतं, म्हणून बाकीच्या बोटांना सूर मिळतो. हे मला लहानपणापासून ऐकून ठाऊक आहे. मी म्हटलं, "मग?"

"मग काय. यंदाची एक मैफल करतो, तीच शेवटची. नंतर शिकवत बसेन. कोणाला सांगितलेलं नाही. आणि तू अत्तिंबेरना सांगायचं नाहीस."

"अरे, त्यांना कळलं तर ते..."

"तर ते बसतील, आणि ते बसणं मला नको. माझं बोट गेलं म्हणून बसलेला माणूस मला समोर नको. वाजवतो चांगलं म्हणून बसायचं असेल तर बसावं. शपथ आहे तुला आईची."

झालं. आता मला एवढंच हवं होतं की ह्या माणसानं एकदा, एकच संध्याकाळ, त्या खुर्चीवर बूड टेकून राहावं. पुढच्या वर्षी उठायलाही तनी नसणार होती. आणि कारण सांगायची मला बंदी.

तिरुचीहून निघायच्या आधी मी विषय काढला.

"यंदा अमुदनच्या तनीला उठू नका."

"का? साठी आहे का त्याची?"

"मी सांगते म्हणून."

"तू सांगतेस म्हणून मी आजवर काय केलंय, एक दाखव."

एकही आठवेना. मी बॅग भरायला घेतली.

लोक सुट्टीला जातात ते विसाव्याला. आम्ही भांडणाला हवापालट म्हणून जातो. मैलापूरशेजारच्या मंदवेळी भागातल्या एका लॉजमध्ये दर वर्षी तीच खोली, तोच करकरणारा पंखा. सकाळी व्याख्यान, दुपारी कोवळ्या पोरापोरींची फुकटातली गाणी, संध्याकाळी तिकिटाचं गाणं आणि मधल्या वेळात कुठल्या कँटीनचा अडै-अवियल बरा यावर वाद. ह्यांचा ताल म्हणजे तर शेजाऱ्यांना शिक्षा. तळहात असा काही मांडीवर आपटतात की पुढची बाई वळून बघते. यंदा तिसऱ्याच दिवशी एका गृहस्थांनी म्हटलं, "सार, जरा हळू. मंचावर मृदंग आहे, तेवढा पुरे."

"मंचावरचा मृदंग चुकतोय," हे म्हणाले. "मी दुरुस्त करतोय."

"तुम्ही वाजवता का?"

"नाही. मोजतो."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "लाज वाटली मला."

"तुला राग ओळखता येत नाही त्याची वाटत नाही आणि माझ्या तालाची वाटते. काल खरहरप्रियाला काय म्हणालीस?"

"तुमच्या कानात म्हणाले होते. तुम्ही तीन रांगांना ऐकवलंत."

असे सहा दिवस गेले. मी जिभेला आवर घालून होते, कारण रविवारी अमुदनची मैफल होती आणि तोवर ह्यांना चिडवायचं नाही असं ठरवलं होतं. दोनदा तर ह्यांच्या मताला हो म्हटलं. त्यावर हे माझ्याकडे संशयानं बघायला लागले.

शनिवारी वादळाची बातमी आली. समुद्रात घोंघावत होतं ते आता मद्रासकडे वळलंय, रविवारी रात्री किनाऱ्याला लागणार. सोमवारची आमची परतीची गाडी रद्द. मंगळवारचीही. लॉजच्या मॅनेजरच्या टेबलाभोवती माणसं गोळा झालेली, ज्याच्या त्याच्या हातात फोन. सभेचा निरोप आला की रविवारची संध्याकाळची मैफल दुपारी तीनला होईल, ज्यांना यायचं त्यांनी जपून यावं.

रविवारी सकाळी आम्ही कोपऱ्यावर इडली खायला गेलो. आभाळ काळंठिक्कर, वारा सुटलेला. हे मात्र खुशीत. दुसऱ्यांदा चटणी मागून घेतली तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी शिजतंय.

"शेजारच्या खोलीतल्या देसिकनची व्हॅन दुपारी एकला निघते तिरुचीला," म्हणाले. "दोन जागा आहेत. मी हो म्हणून टाकलंय."

"आज?"

"मग काय वादळ घेऊन निघायचं?"

"आज तीनला अमुदनची मैफल आहे."

"असेल. गाड्या बंद आहेत, रस्ते बंद होतील. इथं खोलीत आठवडाभर अडकून पडायचं का? खोलीत खिडकी पण धड लागत नाही."

"तुम्हाला आनंद झालाय."

"कशाचा?"

"वादळाचा. काल बातमी आल्यापासून शीळ घालताय."

"वादळ मी आणलं?"

"आणता आलं असतं तर आणलं असतंत."

वेटरनं कॉफी ठेवली. ती थंड होईपर्यंत आम्ही भांडलो. मी म्हटलं, नऊ वर्षं झाली, एका वाक्यासाठी माणूस इतकं कुजवत ठेवत नाही. हे म्हणाले, ते वाक्य त्यानं मागं घेतलं का? मी म्हटलं, तुम्ही उठला होतात ना? हे म्हणाले, अख्खी सभा उठली होती, त्याला दिसलो मी एकटा. मी म्हटलं, कारण ऐकणारे तुम्ही एकटेच होतात, बाकीच्यांची त्याला पर्वा नव्हती. हे मी रागात बोलून गेले आणि क्षणभर ह्यांचा हात कपापाशी थांबला. मला वाटलं, लागलं कुठंतरी. लगेच म्हणाले, "पर्वा असती तर पाया पडायला आला असता."

बोटाची गोष्ट अगदी ओठांवर आली होती. आईची शपथ. कॉफीसकट गिळली.

"मी येत नाही," मी म्हटलं. "तुम्ही जा. जाऊन बसा तिरुचीत एकटे."

"कोदै, नाटक करू नकोस."

"एकदा तरी त्या खुर्चीवर बसून दाखवा, मग तुम्ही म्हणाल त्या व्हॅनमध्ये, म्हणाल तिथं येते. नरकात येते."

"नऊ वर्षं तिकीट काढून उठतोय," हे उभे राहत म्हणाले. "यंदा न येताच उठलो समज."

एक वाजता खरंच गेले. पिशवी खांद्याला, छत्री काखेत. दारात थांबून खिशातला रुमाल काढला, घडी नीट केली आणि माझ्यासमोर धरला. "खुर्चीवर ठेव. त्याला सवय आहे."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. घेतला मी तो रुमाल. दोन तासांनी मी सभेच्या पायरीवर उतरले तेव्हा रिक्षापासून दारापर्यंत घोटाभर चिखल होता. त्या रुमालानं मी पाय पुसले आणि तो केराच्या डब्यात टाकला.

आत चाळीसेक माणसं असतील. एरवी त्या सभेत पाय ठेवायला जागा नसते. छपरावर पाऊस असा कोसळत होता की गाणाऱ्या पद्मिनीला दोनदा तंबोऱ्याचा आवाज वाढवायला सांगावं लागलं. पोरगी गुणी, डगमगली नाही. अमुदन डाव्या बाजूला, पांढराशुभ्र झब्बा, कपाळाला नामाचं उभं गंध. बसतानाच त्यानं माझ्याशेजारची खुर्ची बघितली. रुमालही नाही हे बघितलं. मग हसला. ते हसू मला आवडलं नाही.

मुख्य राग तोडी. पद्मिनीनं तो चांगला पाऊण तास गायला, आणि खरं सांगते, मला त्यातलं काही ऐकू आलं नाही. माझं लक्ष अमुदनच्या उजव्या हाताकडे होतं. ते बोट टेकत होतं, पण काठीसारखं, जणू दुसऱ्या कोणाचं असावं.

मग तिनं पाण्याचा घोट घेतला आणि त्याच्याकडे बघून मान हलवली.

तनी सुरू झाली आणि कोणीही उठलं नाही. कँटीन बंद होतं, बाहेर वादळ होतं, जायचं कुठं? चाळीसच्या चाळीस माणसं जागच्या जागी. जे मला नऊ वर्षं भांडून जमलं नाही ते पावसानं करून दाखवलं, आणि ज्याच्यासाठी करायचं तो एकटा तिथं नव्हता. तांबरमच्या पुढे कुठंतरी व्हॅनमध्ये बसून केळी खात असेल, असं मनात आलं आणि मला रडू फुटलं. दुःखानं नाही. संतापानं.

अमुदनने वाजवलं मात्र असं की काय सांगू. डाव्या हाताची घुमक छातीत शिरत होती. सगळं संथ, खोल, खालच्या अंगानं. उजवा हात जेमतेम खूण करायचा आणि डावा त्याचं उत्तर द्यायचा. मागचे म्हातारे गृहस्थ आपल्या बायकोला म्हणाले, "बघितलंस? हात पिकला की असं होतं. पोरांसारखी धावाधाव नाही." शेवटी द्रुत बोलांचा पाऊस पाडायचा असतो, त्याला फरन म्हणतात. तो त्यानं असा चटकन आवरला की माणसांना वाटलं संयम. उभे राहून टाळ्या वाजवल्या सगळ्यांनी. पद्मिनीनं त्याला वाकून नमस्कार केला. कोणाला काही कळलं नव्हतं.

शेवटचं मंगलम झालं. मागच्या फाटकाशी अमुदनची गाडी यायची होती आणि तिकडे जायची वाट कँटीनमधून. मी बाजूच्या दारानं निघाले. पत्र्याची शेड, टेबलांवर खुर्च्या उलट्या घालून ठेवलेल्या, केळीच्या पानांचे भारे गोणपाटाखाली. वाऱ्यानं पत्रे धडधडत होते. हात धुवायच्या नळांशी एक माणूस उभा होता. धोतर गुडघ्यापर्यंत भिजून पायाला चिकटलेलं, पिशवी पायाशी.

हे होते.

"व्हॅन?" मी विचारलं.

"तांबरमच्या पुढे रस्त्यावर कमरेएवढं पाणी. वळवली."

"मग खोलीवर जायचं."

"चावी तुझ्याकडे."

चावी मॅनेजरच्या टेबलामागं खिळ्याला टांगलेली असते, हे ह्यांना माझ्याइतकंच ठाऊक आहे.

"कधी आलात?"

"तोडी चालू होता."

"तोडी! म्हणजे तनीच्या आधी! आणि आत आला नाहीत? आज उठून जाणारं एक माणूस नव्हतं आत. तुमचं नाक कोणी कापलं नसतं."

ह्यांनी माझं ऐकलंच नाही. "त्याच्या उजव्या हाताला काय झालंय?" म्हणाले.

"कोणाच्या?"

"वेड पांघरू नकोस. तुझ्या भावाच्या."

"काय होणार? सगळ्यांनी उभं राहून टाळ्या दिल्या."

"आतल्यांनी." ह्यांनी वर बोट केलं. नळांच्या वर भिंतीला एक जुना पत्र्याचा कर्णा होता, कँटीनमध्ये बसलेल्यांना गाणं कळावं म्हणून लावलेला. "ह्यातून डावा हात येत नाही. घुमक येतच नाही. येतो तो फक्त उजवा, टणटणीत. मी त्याचा उजवा हात ओळखतो, झोपेत ओळखतो. आज पंधरा मिनिटं ह्या कर्ण्यातून जवळजवळ काही आलं नाही. आत लोक वाहवा म्हणतायत आणि इथं शुकशुकाट. तो सगळं डाव्यावर निभावत होता. फरन तर कापूनच टाकलं. आळशी आहे का तो? नाही. म्हणजे हात गेलाय. बोल."

"तुम्ही कसा ओळखता त्याचा हात? तुम्ही तर कँटीनमध्ये..."

आणि माझं मलाच समजलं.

"कँटीनमध्येच," हे म्हणाले. "इथंच, ह्याच्याखाली. वडा खाल्ला असेल एकदा तरी, तर जीभ झडेल. लोक हात धुवायला येतात, कोपरं मारतात. म्हणून ऐकायचा राहिला असेल कधी एखादा ठोका."

असं वाटलं, पायाशी पडलेली ती पिशवी उचलावी आणि ह्यांच्या डोक्यात घालावी. नऊ वर्षं! नऊ वर्षं मी त्या रुमालाशेजारी मान खाली घालून बसले, माझा भाऊ त्या रुमालाला ऐकवत राहिला, आणि हा माणूस इथं भिजल्या फरशीवर उभा राहून एक एक ठोका मोजत होता.

"सांगितलं का नाहीत त्याला?" मी ओरडले.

"विचारलं का त्यानं?"

"बोट मेलंय त्याचं," मी म्हटलं. आता शपथ कोणासाठी पाळायची? "करंगळीजवळचं. आजची शेवटची होती. पुढं वाजवणार नाही."

ह्यांचा चेहरा मी चाळीस वर्षं बघतेय. तो असा रिकामा झालेला कधी पाहिला नव्हता. मग लालबुंद झाला.

"तुला ठाऊक होतं? आणि तू मला व्हॅनमध्ये बसू दिलंस?"

"बसू दिलं? पाया पडायची बाकी होते मी!"

"कारण सांगितलंस का?"

"शपथ घातली होती त्यानं. बोटाची कीव करून बसलेला माणूस नको होता त्याला."

"कीव? मी आणि कीव? अगं, मला सांगितलं असतंस तर मी आत येऊन त्याच्याशी भांडलो असतो! असल्या हातानं तोडीला कशाला बसलास म्हणून भांडलो असतो. पण समोर बसून भांडलो असतो!"

तेवढ्यात दार वाजलं. अमुदन आला, मृदंगाची खोळ डाव्या खांद्याला, उजवा हात पंच्यात गुंडाळलेला. ह्यांना बघून थबकला.

"वा, अत्तिंबेर," तो म्हणाला. "आज तर सांबारही नाही. तरी इथंच?"

"फरन का कापलंस?"

अमुदन माझ्याकडे वळला. "अक्का, सांगितलंस ना शेवटी?"

"त्यांनी आधी ओळखलं," मी म्हटलं. "मग सांगितलं. इथून ऐकत होते. आज नाही रे, दर वर्षी. त्या कर्ण्याखाली."

अमुदनने मान वर करून कर्ण्याकडे बघितलं. जवळ गेला. डाव्या हाताच्या बोटानं पत्र्यावर टिचकी मारून बघितली, आवाज कसा येतो ते.

"ह्यातून डावा येत नाही," म्हणाला.

"नाही येत," हे म्हणाले.

"म्हणजे नऊ वर्षं तुम्ही अर्धाच मृदंग ऐकलात."

मग हे जवळच्या टेबलापाशी गेले, वरची एक उलटी खुर्ची उचलली, फरशीवर आपटून सरळ केली आणि अमुदनच्या पुढ्यात मांडून तिच्यावर बसले. ओलं धोतर सारखं केलं. तळहात मांडीवर ठेवला, तालासाठी.

"वाजव," म्हणाले. "काढ ती खोळ. डाव्यानं वाजव, कसंही वाजव. फरन नको. मी बसलोय."

मी अमुदनकडे बघत होते. वाजव रे, असं मनात म्हणत होते, दोन आवर्तनं वाजव आणि संपव हे एकदाचं. त्यानं खांद्यावरची खोळ खाली घेतली नाही. पंचा सोडला आणि उजवा हात ह्यांच्या तोंडासमोर धरला. हात मनगटापासून सुजला होता, बोटं मिटत नव्हती, आणि ते एक बोट बाकीच्यांपासून वेगळं लोंबत होतं.

"उठा, अत्तिंबेर," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "तनी झाली."

फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला. त्यानं हात पुन्हा पंच्यात गुंडाळला, माझ्या खांद्याला खोळीचा धक्का लागला तर "सांभाळ, अक्का" म्हणाला आणि पावसात निघून गेला. गाडीचे दिवे वळून दिसेनासे झाले. मी पिशवी उचलली. छत्री शोधली, ती व्हॅनमध्येच राहिली होती.

"चला," मी म्हटलं. "उठा आता."

हात मांडीवर तसाच ठेवून हे बसून राहिले.

"अहो, उठा."

हे उठले नाहीत.